माघ ते वैशाख : विदर्भातल्या जत्रा आणि एका दिवसाच्या सहली, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात. पुण्या-मुंबईला गेलेले नातेवाईक, त्यांचे मित्र, कधी नागपूरचीच मंडळी फोन करून विचारतात, "थंडी संपता संपता तुमच्याकडे पाहण्यासारखं काय असतं?" पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फिरायला नेमका कोणता काळ चांगला?

संक्रांतीपासून होळीपर्यंतचा. तूर घरात आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी चाललेली असते, गहू अजून काढणीला यायचा असतो. तिकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, धान केव्हाच कोठीत गेलेला असतो. शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आणि थोडी उसंत एकाच वेळी येते ती याच दिवसांत. जत्रा, शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती), नाटकं याच काळात का असतात, याचं उत्तर तिथेच आहे. ही गावाची सुट्टी असते आणि आपण तिथे पाहुणे म्हणून जातो. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत.

हवामानाचं म्हणाल तर फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी तो काढून हातात घ्यावा लागतो. मार्चच्या मध्यापासून ऊन चढतं. एप्रिलमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात पारा ४२-४३च्या पुढे जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या दिवशी गारपीटही होते. त्या आठवड्यात गावात गेलात तर फोटो काढत हिंडू नका, लोकांचा हरभरा आडवा झालेला असतो.

जत्रांच्या तारखा दरवर्षी बदलतात. आधीपासून बेत कसा आखायचा?

तिथी धरून आखा. माघ पौर्णिमा कधी आहे तेवढं कॅलेंडरात पाहा, बाकीचं त्यावरून मोजता येतं. माघ पौर्णिमेला कचारगडची गोंड समाजाची यात्रा. तिथून आठवड्याने, माघ वद्य सप्तमीला शेगावचा प्रकट दिन. आणखी आठवड्याने महाशिवरात्र. शिवरात्रीपासून पंधरा-सोळा दिवसांनी होळी, होळीनंतर पंधरवड्याने पाडवा, पाडव्यापासून नवव्या दिवशी रामनवमी, त्यानंतर सहा दिवसांनी चैत्र पौर्णिमा आणि शेवटी वैशाखात अक्षय्य तृतीया. आमची आजी हे सगळं बोटांच्या पेरांवर मोजायची. अधिक मास येऊन गेला की इंग्रजी तारखा मागच्या वर्षीपेक्षा अठरा-वीस दिवस पुढे सरकतात, एवढं ध्यानात ठेवा.

बहिरमची यात्रा मात्र इंग्रजी तारखेच्या हिशेबाने चालते. २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत राहते.

बहिरमला काय असतं?

परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, चांदूरबाजार तालुक्यात हे ठिकाण आहे. टेकडीवर भैरवाचं देऊळ आणि खाली महिनाभराचं गाव वसल्यासारखी जत्रा. लोक राहुट्या टाकून मुक्काम करतात, मातीच्या हंडीत मटण शिजवतात, गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात. पूर्वी इथे बोकडाचा बळी द्यायची मोठी चाल होती. गाडगेबाबांनी त्याविरुद्ध याच जत्रेत हातात खराटा घेऊन लोकांना समजावलं, हे आमच्या भागातली म्हातारी माणसं आजही आदराने सांगतात. रविवारी फार गर्दी असते. शक्य असेल तर मधल्या वारी जा.

कचारगडला आदिवासी नसलेल्यांनी जावं का?

जावं, पण ही सहल नाही हे समजून जावं. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळच्या डोंगरात या गुहा आहेत. पारी कुपार लिंगोंनी इथे कोंडलेल्या मुलांना मुक्त केलं, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, मानणारे लोक माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून येतात. सप्तरंगी झेंडे, "जय सेवा"चा घोष, आणि अंगावर लेकरू घेऊन चढण चढणाऱ्या बाया. समोरच्याने "जय सेवा" म्हटलं तर आपणही म्हणावं. पूजा चाललेली असताना कोणाच्याही तोंडासमोर मोबाईल धरू नये. गुहेत पाणी झिरपतं, दगड निसरडे असतात, तेव्हा चामडी तळाची चप्पल नको.

शेगावला प्रकट दिनाला जावं की इतर दिवशी?

गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात प्रथम दिसले, त्या तिथीचा हा उत्सव. शेकडो दिंड्या पायी येतात. दिंडी पाहायची असेल तर त्या दिवशी जा आणि दर्शनाची घाई मनातून काढून टाका. निवांत दर्शन हवं असेल तर पुढच्या आठवड्यात जा. शेगाव मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे गाडीने जाणं सगळ्यात सोपं. स्टेशनवरची गरम कचोरी तळलेल्या मिरचीसोबत खावी. घरी नेऊन खाल्ल्यावर ती मजा येत नाही.

महाशिवरात्रीला विदर्भात कुठे जावं?

या प्रश्नाला प्रत्येक तालुक्यात वेगळं उत्तर मिळेल. आमच्यासाठी सालबर्डी. मोर्शी तालुक्याच्या टोकाला, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर, डोंगरातल्या गुहेत महादेव आहे. मी सात-आठ वर्षांची असताना आजीचं बोट धरून रात्रीच चढले होते. पुढे कंदिलांची रांग, मागे कंदिलांची रांग आणि मधूनच कोणीतरी "हर बोला"ची आरोळी दिली की सगळा डोंगर "हर हर महादेव" म्हणायचा. आता दिवे आले, दुकानं आली, पण ती आरोळी अजून तशीच घुमते.

पाहायला सगळ्यात देखणं मात्र मार्कंडा. गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठावर हा दगडी मंदिरांचा समूह आहे. दक्षिणेकडे वाहत आलेली नदी इथे वळून उत्तरवाहिनी होते, म्हणून या जागेचं माहात्म्य. भिंतींवर मूर्तींच्या ओळीवर ओळी आहेत. लोक याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात, पण मला ते नाव आवडत नाही. मार्कंडा आपल्या नावानेच ओळखलं जावं इतकं मोठं आहे. शिवरात्रीला नदीच्या वाळूत माणसांचा पूर येतो आणि मंदिर नीट पाहायला मिळत नाही. शिल्पं पाहायची असतील तर जत्रेनंतरच्या एखाद्या सकाळी जा. आठ-साडेआठला तिरपं ऊन भिंतीवर पडतं तेव्हा एकेका मूर्तीच्या गळ्यातली माळसुद्धा सुटी दिसते.

नागपूरहून अर्ध्या दिवसात जमेल असं ठिकाण म्हणजे अंभोरा. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी या पाच नद्या तिथे मिळतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि आता नदीवर मोठा केबलचा पूलही झाला आहे. जुन्या पिढीची महादेवाची यात्रा म्हणजे पचमढीचा चौरागड, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. ते एका दिवसाचं काम नाही.

झाडीपट्टीतलं नाटक बाहेरच्या माणसाला पाहता येतं का? कळेल का?

येतं, आणि नक्की कळेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडी. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. भाऊबीजेच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत नाटक कंपन्या गावोगावी प्रयोग करतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागात घरचं लग्न असल्यासारखा आनंद झाला होता.

नाटक रात्री दहा-साडेदहाला उभं राहतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. संगीत जागेवरच वाजतं, गाण्याला वन्स मोअर मिळतो आणि नायिकेवर अन्याय झाला की पुढच्या रांगेतल्या बाया खरोखर डोळे पुसतात. ज्या गावात नाटक असतं तिथे घरोघरी पाहुणे आलेले असतात. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, नाटकाच्या निमित्ताने मुलगी पाहणंही होतं आणि सोयरीक जुळते. मागे एका गावात आम्ही कोणाच्याच ओळखीचे नव्हतो. ज्यांच्या अंगणाजवळ गाडी लावली त्या काकांनी विचारलं, "जेवण झालं का जी?" नाही म्हटल्यावर आम्हा चौघांना ताटावर बसवलं. सकाळी निघताना काकूंनी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

कुठे कोणतं नाटक आहे हे वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, अर्जुनी मोरगाव भागात चौकातल्या फलकांवर दिसतं. चहाच्या टपरीवर विचारलं तरी पक्कं कळतं. सोबत चादर, शाल, कानटोपी असू द्या. दोन वाजल्यानंतर दव पडतं आणि थंडी हाडात शिरते. दुसऱ्या दिवशी गाडी चालवणाऱ्याने झोप काढल्याशिवाय निघू नये, हे माझं कळकळीचं सांगणं आहे.

शंकरपट आता कायद्याने चालतो का?

हो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा कायम ठेवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैलाला काठी, टोचणी, विजेचा झटका चालत नाही. अमरावती जिल्ह्यातला तळेगाव दशासरचा पट जुना आणि नावाजलेला. झाडीत तर पट आणि रात्रीचं नाटक जोडीनेच असतं. मुलांना घेऊन बांबूच्या कठड्याला खेटून उभे राहू नका, जोडी कधी बाहेर फाकेल सांगता येत नाही. आणि कुठे बैलाला मारताना दिसलं तर सरळ आयोजकांना सांगा. पट टिकावा असं वाटणाऱ्यानेच हे आधी बोललं पाहिजे.

मेळघाटातली होळी पाहायला जायचं आहे. काय ध्यानात ठेवावं?

कोरकूंचा वर्षातला सगळ्यात मोठा सण होळी. कामासाठी दूर गेलेली माणसं काही झालं तरी होळीला धारणी-चिखलदऱ्याच्या आपल्या गावी परततात. सण चार-पाच दिवस चालतो. ढोल-बासरीवर नाच होतो आणि मेघनाथाची पूजा आणि जत्रा वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या दिवशी भरते. रस्त्यात बाया-पोरं दोर आडवा धरून गाणं म्हणत फगवा मागतात. तो लुटालुटीचा प्रकार समजून काच वर करून गाडी दामटणारे पाहिले की वाईट वाटतं. फगवा हा सणाचा मान आहे. दहा-वीसच्या सुट्या नोटा खिशात ठेवा, गाडी थांबवा, हसून द्या, गाणं ऐका आणि पुढे जा.

संध्याकाळनंतर व्याघ्रप्रकल्पाच्या रस्त्यांवर फिरण्याची वेळ ठरलेली असते, ती फाटकावर आधी विचारून घ्या. मोहाच्या दारूचा आग्रह झाला तर हात जोडून नको म्हटलेलं चालतं.

आमच्या सपाटीवरच्या गावांत होळीआधी पोरं शेणाच्या चाकोल्या थापतात, मधे भोक ठेवून. वाळल्या की सुतळीत ओवून माळ होळीला घालतात. गळ्यात साखरेच्या गाठ्या पडल्या की लहानांचा सण झाला.

पळस आणि मोह कुठे, केव्हा पाहावा?

पळसासाठी वेगळं ठिकाण शोधायची गरज नाही. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत यवतमाळ-पांढरकवडा, वर्धा-समुद्रपूर, उमरेड-भिवापूर, कुठल्याही रस्त्याने निघा. पान एक नाही आणि झाड शेंड्यापर्यंत केशरी. जवळ जाऊन एक फूल उचलून पाहा. देठाकडची वाटी काळसर तपकिरी, मखमलीसारखी लवदार असते आणि पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली.

मोहासाठी मात्र पहाटे उठावं लागतं. मार्चअखेर ते एप्रिल हा त्याचा काळ. फुलं रात्रीतून पिकतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात. झाडाखाली उभं राहिलं की पावसाचे मोठे थेंब पडल्यासारखा आवाज येतो. फिकट पिवळं, रसाळ, द्राक्षाएवढं फूल, आणि वास इतका गोड की डोकं जड होतं. बाया कंदील घेऊन टोपल्या भरत असतात. ऊन चढायच्या आत वेचणं संपतं, मग फुलं अंगणात वाळत पडतात. एका घराचं एक झाड वर्षानुवर्षं ठरलेलं असतं, तेव्हा फुलं उचलून पिशवीत भरू नका. ते त्यांचं पीक आहे. वेचायला सोपं जावं म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यातूनच वणवे पेटतात. निदान आपल्या हातून जंगलात काडी किंवा विडी पडू देऊ नका.

संत्र्याच्या बागा फेब्रुवारीत पाहायला मिळतात का?

हा माझ्या घरचा विषय. फेब्रुवारी हाच खरा महिना. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या फुलांची फळं तेव्हा तोडणीला येतात आणि शेजारच्याच बगीच्यात आंबिया, म्हणजे थंडी सरताना येणारा बहार फुललेला असतो. आंबियासाठी झाडांना आधी ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात. पानं मलूल होतात, झाड रुसल्यासारखं दिसतं. मग पाणी सोडलं की दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या कळ्यांनी डहाळ्या भरतात. संध्याकाळी वारा पडला की तो वास गावातल्या घरांत येतो. बांधाच्या अलीकडे केशरी फळं, पलीकडे पांढरा फुलोरा, मधमाश्यांचा एकसारखा घूं घूं. पावसाने दगा दिला तर मृग फुटतच नाही, त्यामुळे काही वर्षी फळं दिसणार नाहीत.

न विचारता बगीच्यात शिरू नका. बहुतेक वेळा बाग व्यापाऱ्याला दिलेली असते आणि एकेका फळाचा हिशेब असतो. मालकाला हाक मारा, "भाऊ, बगीचा पाहून घेऊ का?" म्हणा. तो स्वतः फिरवील आणि झाडावरची चार संत्री हातावर ठेवील. निघताना एखादं कॅरेट विकत घ्या.

गर्दी नको, शांत जागा हवी. कुठे जावं?

लोणारला, पण सकाळी सातच्या आत. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर, तळाशी खारं, क्षारयुक्त पाणी. २०२० साली ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. काठावरून पाहून परतणारे बरेच. खाली उतरलं की झाडीत बुडालेली जुनी देवळं आणि मोरांचे आवाज. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका.

दुसरी जागा रिद्धपूर, मोर्शी तालुक्यातच. महानुभावांचं हे मोठं तीर्थ. श्रीगोविंदप्रभू इथले आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं तेही इथेच. आता मराठी भाषा विद्यापीठही इथे उभं राहिलं आहे. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मुलांना घेऊन जावं अशी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

वर्ध्याकडे सेवाग्राम आणि पवनार एका दिवसात होतात. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. तिथली जमीन खोदताना सापडलेली भरत-भेटीसारखी जुनी शिल्पं भिंतीत बसवलेली आहेत, ती बघायला विसरू नका.

ताडोबा एका दिवसात होतं का?

सकाळची सफारी मिळाली तर होतं. बुकिंग आधी ऑनलाइन करा. मंगळवारी बंद असतं.

चैत्रात कुठे जावं?

रामनवमीला वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी. बंजारा समाजाची ही काशी, सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. तांड्यांवरून आलेल्या आयाबहिणींचे आरशांचे, भरतकामाचे पेहराव आणि त्यांची गाणी ऐकत तासन्‌तास जातात. चैत्र पौर्णिमेला चंद्रपूरच्या महाकालीची यात्रा असते, तिला नांदेडकडचे भाविक मोठ्या संख्येने येतात. रामटेकचा गड रामनवमीला जागता असतो. तिथे रामाचं दर्शन झालं की केवल नरसिंहाच्या छोट्या देवळातला वाकाटककालीन शिलालेखही पाहा. सगळे समोरून निघून जातात.

१४ एप्रिलला कुठल्याही खेड्यात असाल तर बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक पाहून पुढे जा. निळे झेंडे, लेझीम आणि रस्त्यात पाणी, सरबत, जेवण वाटणारी माणसं.

उन्हाचं काय?

हे हसण्यावारी नेऊ नका. एका चैत्रातल्या यात्रेत माझ्या आईला दुपारी बारा वाजता रांगेत भोवळ आली. सावलीची सोय नव्हती आणि पाण्याचं टँकर संपलेलं होतं. पाणपोईवरच्या एका पोरीने आपला दुपट्टा ओला करून आईच्या डोक्यावर टाकला आणि गूळ-पाणी पाजलं. त्या पोरीचं नावही विचारायचं राहून गेलं. तेव्हापासून आमचा नेम ठरला. एप्रिलमध्ये पहाटे निघायचं, अकराच्या आत सावलीत यायचं, चारनंतर पुन्हा बाहेर पडायचं. डोक्याला दुपट्टा, सोबत मीठ-साखरेचं पाणी किंवा पन्हं. म्हाताऱ्या माणसांना दुपारच्या रांगेत उभं करू नका.

जेवणाची सोय?

रोडग्याच्या पंगतीला कोणी बोलावलं तर नाही म्हणू नका. जाडसर कणकेचे, थरांचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, राख झटकून फोडतात आणि त्यावर तूप, वरण, वांग्याची झणझणीत भाजी. अमरावतीकडे गिला वडा, नागपूरकडे तर्री पोहे. जानेवारीत ज्वारीचा हुरडा मिळाला तर नशीब, आता ज्वारीच कमी पेरतात.

स्वतःची गाडी नसेल तर?

एसटी आहेच. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं. मोठ्या यात्रांना जादा गाड्या सुटतात. परतीची शेवटची गाडी कितीला, हे उतरल्या उतरल्या वाहकालाच विचारा.

भेंडवळची घटमांडणी पाहता येते का?

येते. बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात हे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. मधे खड्डा, त्यात चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि भोवती गोलाकार अठरा धान्यं. रात्रभर तिथे कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा जागचा हलला, ढेकूळ किती भिजलं, यावरून पीक-पाण्याचं भाकीत सांगतात. याला शास्त्राचा आधार नाही, आणि पेरणीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज पाहूनच करावा असं मी घरच्यांनाही सांगते. तरी जाण्यासारखं आहे ते माणसांसाठी. सूर्य उगवायच्या आत शेकडो शेतकरी शेतात उकिडवे बसलेले असतात, कोणी वहीत, कोणी तळहातावर लिहून घेत. कपाशीचं काय, तुरीचं काय, पाऊस केव्हा, एवढाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर. मुक्काम जळगाव जामोद किंवा शेगावला करा आणि पहाटे चारला निघा. उजाडल्यावर पोचलात तर भाकीत सांगून झालेलं असेल.